शेक झाला, आता उठा

(गावच्या वाचनालयात पावसाळ्याच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. टेबलावर तीन वस्तू ठेवल्यात, त्या आधी बघून घ्या. ही निर्गुडीची डहाळी, आत्ता येताना वाचनालयामागच्या गडग्याजवळून तोडली. ही जाड्या मिठाची पुरचुंडी, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली. आणि ही कागदाची पुडी. हिच्यावर नाव नाही, गाव नाही, आत करड्या रंगाचं चूर्ण आहे. पहिल्या दोन वस्तू तुम्ही बिनधास्त घरी ठेवा. तिसरीबद्दल पुढे बोलतो.

तीसेक वर्षं मी या भागात दवाखाना चालवतोय. जून उजाडला की बाकावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "डॉक्टरानू, ढोपरां दुखतत." आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात लावणी. दिवस दिवस कमरेत वाकून, गुडघाभर चिखलात. बाई घरी येते ती भिंतीला धरून. पावसाने सांधे दुखतात की नाही यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. माझं मत विचाराल तर पावसापेक्षा लावणीचा वाटा मोठा. आणि लावणी संपल्यावर महिनाभर पडवीत बसून राहण्याचा त्याहून मोठा.

तरुणपणी मला या पाल्याचा राग यायचा. माझ्या गोळ्या पिशवीत तशाच, आणि घरी चुलीवर निर्गुडी उकळतेय. एका आजींना मी ते बंद करायला सांगितलं. पुढच्या खेपेला त्या आल्या त्या लंगडतच. म्हणाल्या, तुमची गोळी घेतली की पोटात जळतं, पाला घेतला की निदान चूल पेटवायला उठवतं. त्या वेळी मी हसलो. नंतर कळलं की सगळं मर्म त्या शेवटच्या तीन शब्दांत होतं : चूल पेटवायला उठवतं.

शेक का लागू पडतो? उष्णतेने स्नायू सैल पडतात, रक्त खेळतं, आणि गरम लागल्याची जाणीव दुखण्याच्या जाणिवेवर थोडी मात करते. निर्गुडीच्या पानांत सूज कमी करणारे घटक असल्याचं प्रयोगशाळेत दिसलंय. पण पाला बांधल्यावर त्यातलं किती कातडीतून आत जातं, मला शंका आहे. ऊब मात्र नक्की पोचते. म्हणून पाला नसेल तर मीठ घ्या, मीठ नसेल तर भाजलेली वाळू. पुरचुंडी तव्यावर गरम करायची, आधी आपल्या मनगटावर लावून बघायची, मग गुडघ्यावर पंधरा मिनिटं. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी स्वतः शेकू नये. त्यांना भाजल्याचं कळतच नाही, आणि ती जखम मग महिनोन्महिने भरत नाही.

आता मुद्द्यावर येतो. शेकाने, एरंडेलाने, लसूण-ओवा कढवलेल्या खोबरेलाने तुम्हाला जेमतेम तासाभराचा आराम मिळतो. तेवढाच. झिजलेला सांधा त्याने भरून येत नाही. पण त्या तासात आपण करतो काय? गुडघ्याला फडकं गुंडाळून आडवे होतो! तो तास हालचालीसाठी आहे. खुर्चीवर बसा. एक पाय समोर सरळ करा, मांडीचा स्नायू आवळा, मनात पाच मोजा, हळू खाली आणा. असं दहा वेळा, मग दुसरा पाय. मांडीचा स्नायू हा गुडघ्याचा हमाल आहे. तो दमदार असला की हाडांवर येणारा बोजा तो उचलतो. वजनाचंही तसंच : अंगावरचं एक किलो उतरलं, तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. इतका फायदेशीर सौदा माझ्या औषधाच्या कपाटात नाही.

हळदीचं विचारणार, माहीत आहे. हळदीतल्या कर्क्युमिनवर गुडघ्याच्या झिजेसाठी प्रयोग झालेत, थोडा फायदा दिसलाय. पण ते प्रयोग बहुतेक अर्काचे. आपल्या चमचाभर हळदीत कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास, आणि तेही अंगी सहज लागत नाही. मिरी आणि स्निग्ध पदार्थ बरोबर असले तर जरा बरं. म्हणजे नारळाच्या रसातली आपली आमटी चांगलीच आहे, फक्त तिला औषध म्हणू नका. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांनी हळदीच्या कॅप्सूल मनाने घेऊ नयेत.

बिब्बा मात्र नको. त्याच्या तेलाने कातडी जळते. गुडघ्याभोवती काळे डाग आणि फोड घेऊन आलेली माणसं मी पाहिलीत. मूळ दुखणं राहिलं बाजूला, आधी फोडांचे उपचार. रुईचं पान बांधत असाल तर चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

पायाचा अंगठा रात्रीत लाल होऊन सुजला, चादरीचा स्पर्शही सोसेना, तर तो बहुधा गाऊट. आपले वैद्य याला वातरक्त म्हणतात. इथे शेकू नका, थंड पट्टी ठेवा. लोक लगेच डाळ सोडतात, आणि सुकट, तारली, संध्याकाळचे दोन पेग चालूच! उलटं करा. आणि एक गंमत सांगतो. गाऊटवर आम्ही कोल्चिसिन नावाची गोळी देतो. तेच द्रव्य कळलावीच्या कंदात असतं. हो, पावसात गडग्यावर चढते आणि लाल-पिवळी पेटल्यासारखी फुलते, तीच. पण म्हणून कुणी कुदळ घेऊन जाऊ नका. औषध आणि विष यांत तिथे फार थोडं अंतर आहे. रताळं समजून तो कंद खाल्लेली माणसं दगावली आहेत.

सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडलेली राहतात, दोन्ही हातांचे सांधे सारखेच सुजतात, असं काही आठवडे चाललं असेल तर ती झीज नव्हे. तो आमवात असू शकतो, तिथे पाल्यात घालवलेले महिने सांध्याला महाग पडतात. वेळेत औषध सुरू झालं तर बोटं वाकडी होणं पुष्कळ टाळता येतं.

दुसरं, लावणीच्या दिवसांत ताप, डोळे लाल आणि पोटऱ्या दाबल्या तरी कळ येतेय, तर तेल चोळत बसू नका. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, असू शकतो. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

आता ही पुडी. एका गृहस्थांनी आणून दिली. दोन दिवसांत गुडघा मोकळा, भूक वाढली, चेहरा भरला. घरचे खूश. पण चेहरा भरला नव्हता, सुजला होता, आणि साखर वर गेली होती. अशा बिननावाच्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेलं तपासण्यांत सापडलंय. माझा इथे संशय तोच होता. घरात अशी पुडी चालू असेल तर माझं ऐकून आज एकदम बंदही करू नका, जास्त दिवस घेतलेलं स्टेरॉइड अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं. पुडीसकट डॉक्टरकडे जा. लाजू नका, रागावलो तर तो पुडी विकणाऱ्यावर रागावेन.

(मागून एका काकूंनी विचारलं : राजापूरजवळच्या उन्हाळे गावी जाऊन गरम झऱ्यात न्हायलं तर?)

जा की. कोमट पाण्यात शेकही मिळतो आणि अंगाचं वजनही हलकं होतं, त्यामुळे पाय हलवायला सोपं जातं. हृदयाचा त्रास असेल तर आधी विचारून, आणि पाण्यात फार वेळ नको. पायऱ्या ओल्या असतात, कुणाचा तरी हात धरा. पाण्यात नुसत्या बसू नका, गुडघे वाकवा, सरळ करा. आणि एसटीत खिडकीची जागा सोडा, वाटेकडची धरा. पाय लांब करता येतो.