प्रवासाचे कपडे उभं राहून नाही, बसून बघा

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? बरं. मे महिना लागला की आपल्या इंदूरच्या कितीतरी मराठी घरांतून पुण्या-मुंबईची तिकिटं काढली जातात, कोणाची मुंज, कोणाचं लग्न, कोणाचं माहेरच तिकडे, आणि बॅग भरताना सगळं लक्ष कार्यात काय नेसायचं याच्याकडे असतं, गाडीत काय घालायचं ते मात्र शेवटच्या दहा मिनिटांत ठरतं. मला त्या दहा मिनिटांबद्दलच बोलायचंय.

आपली मुंबईची रात्रीची गाडी, अवंतिका एक्सप्रेस घ्या. संध्याकाळी आपण इंदूर स्टेशनवर उभे असतो तेव्हा लू अजून तोंडाला लागत असते, रात्री एसी डब्यात पहाटे तीनला पाय गारठतात, आणि सकाळी बोरिवलीला उतरलं की पाच मिनिटांत पाठ ओली. एका रात्रीत तीन हवा. आपल्याकडे कोरडं असतं म्हणून घाम उडून जातो, तिकडे दमट हवेत तो उडतच नाही, म्हणून तिथे कपडा नुसता सुती असून भागत नाही, पातळ आणि सैल पाहिजे, आतून वारा फिरायला पाहिजे. मी स्वतः मलमलचा कुर्ता घालते आणि वर एक जाड सुती ओढणी ठेवते, रात्री तीच पांघरायची, सकाळी घडी करून पिशवीत.

आता पॉलिस्टर. नेहमीच्या हवेत सुती कापड स्वतःच्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा धरतं, लोकर १६च्या आसपास, पॉलिस्टर जेमतेम ०.४. म्हणजे घाम कापडात शिरत नाही, अंगावरच राहतो. हां, पण धुतलं की लगेच वाळतं, त्यामुळे लहान मूल बरोबर असेल तर एक जोडी ठेवा, त्यात काही चूक नाही. जीन्स सुतीच असते पण इतकी जाड की एकदा भिजली की दिवसभर ओली, प्रवासाला मी ती नको म्हणते.

खरी गोष्ट पुढे आहे. आपण कपडा आरशासमोर उभं राहून बघतो आणि प्रवास करतो बसून! सासूबाई गुडघ्यांमुळे पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालायला तयार झाल्या, पुण्याला जायचं होतं, मी हौसेनं इलास्टिकची सलवार घेतली, नाडी सोडा-बांधायचा त्रास नको म्हणून. उभ्या असताना छान बसली. सकाळी कपडे बदलताना बघते तर कमरेभोवती लाल वळ, बोट फिरवलं की खाच लागत होती, आणि त्या रात्रभर काही बोलल्या नाहीत कारण सूनबाईंनी हौसेनं आणलेलं. मला फार वाईट वाटलं. बसलं की पोट पुढे येतं, कंबर रुंदावते, पायही सुजतात कारण पोटऱ्या हलत नाहीत आणि रक्त खाली साठतं. चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास केला तर पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली सांगितलंय, एकूण धोका कमी असला तरी. म्हणून कंबर, गुडघा, घोटा, तिन्ही ठिकाणी काही काचायला नको, आणि चप्पल पट्टा सैल करता येणारी.

तर आता मी काय करते, नवीन कपडा घातला की पाटावर मांडी घालून दहा मिनिटं बसते, मग खुर्चीवर पाय उचलून चढते, वरच्या बर्थवर चढतो तसं. आणि एका हातात पिशवी धरून नाडी सोडून बघते, गाडीच्या बाथरूममध्ये तेच करायचं असतं ना.

ज्यांना साडीच पाहिजे त्यांनी महेश्वरी बघा, नव्वद किलोमीटरवरची आपलीच आहे, अहिल्यादेवींच्या काळापासूनची. ताणा म्हणजे उभे धागे रेशमी, बाणा म्हणजे आडवे धागे सुती, त्यामुळे वजनाला हलकी, आणि तिचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा विणलेला असतो, झोपेतून उठून घाईत पदर उलटा घेतला तरी दिसत नाही. फक्त प्रवासाला दोन इंच वर नेसा, बाथरूमची ओली फरशी काठाला लागते.

आणि चोरखिसा. माझ्या आईच्या परकराला असायचा, पैसे नि तिकीट तिथेच. मी सलवारीला आतून लावते, कमरेच्या पट्टीखाली चार बोटं, तोंडाला टिचबटण, पाठीमागे नको, उजवीकडे, म्हणजे कुशीवर झोपलं तरी हाताखाली राहतो. दोन सलवारी आणल्यात बरोबर, या पुढे, उलट्या करून शिवण बघून घ्या.