नवकंकरी: पारावर आणि मोबाइलवर

अमळनेर तालुक्यातल्या एका गावचा हा पार. शेतीला या आठवड्यात वीज रात्रीची, म्हणून दुपार मोकळी. फरशीवर खडूनं काढलेले एकात एक तीन चौकोन, बाजूंचे मध्य जोडलेले. हा नवकंकरी खेळाचा पट, जागा 24. बाबांकडे नऊ चिंचोके, समोर नऊ खडे.

"चाल ना भो, किती इचार करस!"

नियम शेंबड्या पोरालाही कळतील. आळीपाळीनं मांडायचं, मग रेषेवरून एकेक घर सरकायचं. एका रेषेत तीन आले, की समोरचा एक उचलायचा. दोनच उरले किंवा वाटा बंद झाल्या, की हरला.

नवखा गडी कोपरे धरतो. बाबा धरत नाहीत. कोपऱ्यातून निघायला वाटा दोनच, मधल्या चौकोनाच्या बाजूंच्या मध्यावरून चार. आता हा चिंचोका बघा. एक रेष मोडून शेजारी सरकला, तिथंही तीन जुळले. पुढच्या चालीला परत मागं, पुन्हा तीन. दर चालीला एक खडा गारद! हे जमलं की समोरच्यानं उठावं, चहा सांगावा.

बाबांचा नातू धुळ्याला इंजिनिअरिंग करतो. त्यानं मोबाइललाही नवकंकरी शिकवलीय. मी हे केलं तर तो काय करेल, त्यावर मी काय, असं मोबाइल सहा चाली पुढचं बघतो.

स्वित्झर्लंडच्या राल्फ गासर यांनी 1993 मध्ये हा खेळ पुरता सोडवला. साडेसातशे कोटींहून जास्त स्थिती, शेवटाकडून उलट मोजत. निकाल: दोघं अचूक खेळले तर बरोबरी.

मग खेळात उरलं काय? बरंच. ज्याला फक्त निकाल ठाऊक, त्याला बरोबरीच्या सगळ्या चाली सारख्याच. समोरचा कुठं फसेल, हे तो बघत नाही. असा प्रतिस्पर्धी हरत नाही, पण माणसाला हरवायलाही धडपडत नाही. हंगेरीतल्या दोघा संशोधकांनी पुढं नेमकं हेच हाती घेतलं: बरोबरीच्या चालींतली डावी-उजवी ठरवणं.

नातवानं सोपी युक्ती केली. समोरच्याच्या मोकळ्या वाटा मोजायच्या, त्या कमी करणारी चाल आधी. तेव्हापासून मोबाइल चांगलाच बोचरा खेळतो. सरकवासरकवीत बाबांना तो आवरत नाही. ते त्याला गाठतात मांडतानाच. तिथल्या चुकीचा दंड आठ-दहा चालींनी भरावा लागतो, आणि सहा चालींची नजर तिथवर पोचत नाही.