गाळणी कागदावर काय उरते?

चंचुपात्रातील थंड पाण्यात कॅल्शियमचा लहान तुकडा सोडला, की तो आधी तळाशी जातो. थोड्याच वेळात त्याच्याभोवती जमणारे हायड्रोजनचे बुडबुडे त्याला वर उचलतात आणि पाणी दुधी होऊ लागते. हा दुधीपणा जेमतेमच विरघळणाऱ्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या विरवलेल्या चुन्याचा. मॅग्नेशियमची घासून लख्ख केलेली फीत त्याच पाण्यात बराच वेळ जवळपास तशीच पडून राहते. तिची जोमदार अभिक्रिया पाहायची, तर वाफ लागते. बेरियम मात्र तेलाखाली जपून ठेवावे लागते.

अल्कधर्मी मृदा धातूंपैकी, म्हणजे आवर्तसारणीच्या दुसऱ्या गणातील (उभ्या स्तंभातील) धातूंपैकी, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियम हे चारही हम्फ्री डेव्ही यांनी 1808 मध्ये लंडन येथे विद्युत अपघटनाने वेगळे केले. प्रत्येकाच्या बाह्यतम कवचात दोनच इलेक्ट्रॉन असतात, परंतु गणात खाली जाताना कवचांची संख्या वाढते आणि या इलेक्ट्रॉनांवरील केंद्रकाची पकड सैल होत जाते. पहिला इलेक्ट्रॉन काढून घेण्यास मॅग्नेशियमला प्रति मोल 738 किलोज्यूल ऊर्जा लागते, तर बेरियमला 503 पुरतात.

धातू जितका क्रियाशील, तितके त्याचे क्षार बनवणे सोपे, असे यावरून वाटू शकते. सल्फेटांच्या बाबतीत हा समज टिकत नाही, कारण तेथे क्षाराची विद्राव्यता निर्णायक ठरते आणि ती गणात खाली जाताना झपाट्याने घटते. एक लिटर पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट तीनशे ग्रॅमहून अधिक विरघळते, कॅल्शियम सल्फेट दोन ग्रॅमच्या आसपास, आणि बेरियम सल्फेट अवघे दोन-अडीच मिलिग्रॅम.

म्हणूनच मॅग्नेशियम सल्फेटची कृती सरळ आहे. कोमट विरल सल्फ्युरिक आम्लात मॅग्नेशियम कार्बोनेट फसफसणे थांबेपर्यंत आणि त्यानंतरही थोडे अधिक घालायचे, म्हणजे आम्ल शिल्लक राहत नाही. उरलेले कार्बोनेट गाळून टाकायचे आणि गाळलेले द्रावण आटवून सावकाश थंड होऊ द्यायचे. ते कोरडे होईपर्यंत तापवण्याचा मोह टाळावा, कारण या सुईसारख्या स्फटिकांच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा स्फटिकजलाचा असतो.

हीच कृती संगमरवराच्या तुकड्यांवर केली, तर फसफस सुरू होते आणि लवकरच मंदावते. तयार झालेल्या कॅल्शियम सल्फेटचा थर तुकड्यांवर बसतो आणि आम्ल आतपर्यंत पोहोचत नाही. प्रयोगशाळेत वायू तयार करण्यासाठी असलेल्या किपच्या उपकरणात कार्बन डायऑक्साइड मिळवताना संगमरवरावर हायड्रोक्लोरिक आम्लच का वापरतात, याचे उत्तर या थरात आहे.

बेरियम सल्फेटसाठी दोन विद्राव्य क्षार घ्यावे लागतात. बेरियम क्लोराइडच्या द्रावणात सोडियम सल्फेटचे द्रावण किंचित जास्त घातले, की दाट पांढरा अवक्षेप लगेच खाली बसतो. आधीच्या कृतीत गाळणी कागदावर उरलेले आपण टाकून दिले होते. येथे कागदावर उरते तेच आपल्याला हवे असते.

विद्राव्य बेरियम क्षार विषारी असतात, तरीही पोटाच्या क्ष-किरण तपासणीपूर्वी रुग्णाला शुद्ध बेरियम सल्फेट पाजता येते, कारण ते न विरघळता शरीराबाहेर पडते. त्यामुळे या कृतीतील धुण्याच्या पायरीकडे मी सर्वाधिक लक्ष देण्यास सांगेन: अवक्षेप ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचा, आणि गळालेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकल्यावर ते गढूळ होईनासे झाले, म्हणजे विद्राव्य क्लोराइड धुऊन गेले, की मगच वाळत ठेवायचा.