शिवणीपलीकडचा बर्फ

सुरुवातीलाच हा दगड पहिल्या रांगेत देतो. सोबत भिंग आहे. बघा आणि मागे सरकवा. काय दिसलं ते आत्ता सांगू नका, शेवटी विचारणार आहे. मागे एका व्याख्यानात असाच नमुना फिरवला होता, तो तिसऱ्या रांगेनंतर कोणाच्या पिशवीत गेला ते आजतागायत कळलेलं नाही. तेव्हा शेजाऱ्यावर लक्ष असू द्या.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘काराकोरमच्या हिमनद्या आटत का नाहीत?’ त्याकडे मी येणार आहे, काळजी नको. पण तिकडे जायचं तर वाटेत लेह लागतं, आणि लेहला पोचलो की माझी गाडी अडते.

त्याआधी एक तक्रार. अध्यक्षमहोदयांनी माझी ओळख ‘हिमालयाचे अभ्यासक’ अशी करून दिली. त्यांचा दोष नाही, सगळेच तसं म्हणतात. विमानातून बर्फ दिसला की हिमालय! पण मंडळी, लेह हिमालयात नाही. हिमालय लेहच्या दक्षिणेला संपला. लेहच्या मागे जी करड्या ग्रॅनाइटची भिंत उभी आहे ती लडाखची रांग, तिच्या मागे नुब्रा आणि श्योक या नद्या, त्यांच्या पलीकडे काराकोरम. या तीन वेगवेगळ्या घरच्या गोष्टी आहेत. एका मांडवात बसल्या म्हणून सख्ख्या बहिणी होत नाहीत.

लेहच्या राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहा आणि दक्षिणेला तोंड करा. पाठीशी ग्रॅनाइट. समोर सिंधूचं खोरं, त्यापलीकडे स्तोकची जांभळट, पट्ट्यापट्ट्यांची रांग. या दोन रंगांच्या मध्ये एक अख्खा समुद्र गाडलेला आहे. टेथिस त्याचं नाव. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत होता, एका टप्प्यावर वर्षाला पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहूनही जास्त वेगाने. भूखंडाच्या मानाने ही पळापळच. पुढचा समुद्रतळ आशियाखाली शिरत होता, खाली वितळलेला खडक वर चढत होता, वर ज्वालामुखींची माळ पेटली होती. त्या माळेचं तळघर म्हणजे लडाखचा ग्रॅनाइट. गंमत बघा, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इकडे सह्याद्रीचा लाव्हा ओतला जात होता, तेव्हा समुद्राच्या त्या काठावर हा ग्रॅनाइट शिजत होता. मग ५ ते ५॥ कोटी वर्षांपूर्वी दोन काठ भिडले. जिथे भिडले तिला आम्ही सिंधूची शिवण म्हणतो. कधी नदीखाली, कधी नदीच्या थोडी दक्षिणेला, पण सिंधूची पाठ ती फारशी सोडत नाही. म्हणजे भूशास्त्राच्या हिशोबात भारत सिंधूशी संपतो. (हे वाक्य तोडून कुठे पाठवू नका, मला घरी जायचंय.)

शिवण म्हटली की त्यात चुण्या येतात, दोऱ्याचे तुकडे राहतात. कारगिल-लेह रस्त्यावर शेरगोलला ते तुकडे हाताला लागतात. सर्पासारखा हिरवा, गुळगुळीत सर्पेंटिनाइट, म्हणजे समुद्रतळाखालच्या प्रावरणाचा खडक, तीनेक हजार मीटर उंचीवर! आणि त्सो मोरिरी तळ्याकडे तर कमाल आहे. तिथल्या खडकात कोएसाइट नावाचं खनिज सापडलं. हे खनिज बनायला नव्वद किलोमीटर खोलीचा दाब लागतो. म्हणजे भारताची कड तेवढी खाली ओढली गेली, आणि परत वर आली. जाऊन परत येणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

आता माझी गाडी अडते ती जागा. लेहहून निम्मूकडे निघालात की रस्त्यात ‘मॅग्नेटिक हिल’ लागते. हसू नका, तुमच्यातले निम्मे तिथे उतरलेले आहेत, तुमच्या चेहऱ्यांवर दिसतंय. रस्त्याकडेला फलक आहे, रस्त्यावर गाडी उभी करायची खूण आहे, न्यूट्रलला टाका, गाडी आपोआप चढावर जाते. डोंगरात चुंबक आहे म्हणे!

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सामायिक टॅक्सीत होतो, आम्ही सात जण. चालकाने गाडी बंद केली, गाडी हलली, सहा जणांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली उतरलो आणि पिशवीतून पाणसळ काढली. भूशास्त्राचा माणूस पाणसळ घेऊन फिरतो, त्यात विशेष काही नाही. ती रस्त्यावर ठेवली. बुडबुड्याने स्पष्ट सांगितलं की ज्याला आपण चढ म्हणतोय तो उतार आहे. आजूबाजूचे उतार असे तिरके आहेत आणि खरं क्षितिज असं झाकलंय की डोळा फसतो. बाकी काही नाही. होकायंत्र काढलं, सुई जागची हलली नाही. मी हे शांतपणे सगळ्यांना दाखवलं. त्यावर पुढच्या सीटवरचे एक सद्गृहस्थ म्हणाले, “अहो, पण तुमची पाणसळसुद्धा चुंबकाने बिघडली असेल ना!” पाणसळ प्लॅस्टिकची होती. आत स्पिरिट होतं. मी ते सांगितलं. ते म्हणाले, “स्पिरिटवर परिणाम होत नाही कशावरून?”

याला उत्तर नाही. मी तीस वर्षं वर्ग घेतले, पण या प्रश्नापुढे हात टेकले.

बरं, चुंबकाचीच हौस असेल तर आपला बेसाल्ट घ्या. त्यात मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकी लोहखनिज, ग्रॅनाइटपेक्षा सहसा जास्तच असतं. मग खंडाळ्याच्या घाटात सगळ्या गाड्या कड्याला चिकटून बसायला हव्यात. (तिथे बसतात, पण त्याचं कारण वेगळं.) असो. असाच दुसरा फलक खार्दुंग खिंडीत. वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं, मोजली तर खिंड १७,५८२ फुटांच्या आसपास. आठशे फूट रंगाच्या डब्यातून आले. तिथे फोटो काढून आलेल्यांना मी हे सांगतो, तेव्हा ते माझ्याकडे असं बघतात की जणू ते आठशे फूट मीच ढापले.

माझं दुःख असं की मॅग्नेटिक हिलला वीस मिनिटं घालवणारा माणूस थोडं पुढे निम्मूच्या संगमावर पाच मिनिटं थांबतो, सिंधू आणि झंस्कर या दोन नद्यांच्या दोन रंगांचा फोटो काढतो आणि निघतो. अहो, मान वर करा! झंस्करच्या घळीत लाल, जांभळे, हिरवे थर पुस्तकाच्या पानांसारखे उभे आहेत. ते आडवे साचले होते, नद्यांनी आणलेला गाळ म्हणून. टक्करीने उभे केले. त्यांतल्या गोट्यांत ग्रॅनाइट आहे, खोल समुद्रातला लाल चर्ट, म्हणजे गारगोटीसारखा कठीण खडक, आहे, चुनखडी आहे. समुद्र मिटला, दोन्ही काठांचा माल एका नदीत पडू लागला, याचा लेखी पुरावा आणखी कुठला हवा? पण तिथे फलक नाही.

या दगडांपायी माणसं मेलीत. फर्डिनांड स्टोलिच्का, मोरावियातला माणूस, आपल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला. मध्य आशियातल्या यारकंदच्या मोहिमेवरून परतताना जून १८७४मध्ये श्योकच्या वरच्या अंगाला मुर्गोला वारला. वय ३६. लेहमध्ये त्याचं स्मारक आहे. मी तिथे गेलो तेव्हा मला ते दाखवायला एक शाळकरी मुलगा आला होता, त्याने विचारलं, “तुमचे नातेवाईक का?”

हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. धन्यवाद. मला वाटलं वीस असतील.

तर हिमनद्या. आधी पत्रिकेतला शब्द दुरुस्त करतो. उन्हाळ्यात त्या वितळतातच, सिंधूला पाणी कुठून येतं मग? प्रश्न असा की हिमालयातल्या बहुतेक हिमनद्या मागे हटत असताना काराकोरममधल्या बऱ्याच जागच्या जागी होत्या, काही तर पुढे सरकत होत्या. हिमनद्यांचे अभ्यासक केनेथ ह्यूइट यांनी २००५मध्ये याला ‘काराकोरमची विसंगती’ म्हटलं, तेही प्रश्नचिन्ह लावून. हवामानवाले दोन कारणं देतात. एक, इथलं बर्फ मुख्यतः पावसाळ्याचं नाही. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांचं आहे. दोन, गेल्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या सिंधूच्या खोऱ्यात उन्हाळे तापण्याऐवजी थोडे निवले. दोन्ही खरं. माझं म्हणणं तिसरं आहे, आणि ते दगडाचं आहे.

टक्करीने इथलं पृथ्वीचं कवच जवळजवळ दुप्पट जाड झालं, सत्तर किलोमीटरच्या घरात. म्हणून उंची. वर काराकोरमचा ग्रॅनाइट आणि नाइस, म्हणजे उष्णतेने-दाबाने बदललेला पट्ट्यापट्ट्यांचा खडक: कठीण, उभे कडे धरून ठेवणारे. उभ्या कड्यावर बर्फ टिकत नाही, कोसळतं. हिमनदीचं बरंचसं जेवण आकाशातून सरळ पानात पडत नाही, कड्यावरून हिमलोटाने येतं, आणि सोबत दगडही आणतं. बर्फावरची ही दगडांची गोधडी महत्त्वाची. धूळ-खडीचा पातळसा थर असेल तर तो ऊन शोषून बर्फ लवकर वितळवतो. पण हातभर जाड दगडांचा थर असेल तर खालचं बर्फ झाकलं जातं. काराकोरमच्या हिमनद्यांच्या खालच्या टोकांना अशी जाड गोधडी भरपूर आहे. त्यात सियाचिनसारखी सत्तरहून अधिक किलोमीटरची हिमनदी आणि काराकोरमच्या भ्रंशाच्या, म्हणजे कवचातल्या सरकत्या भेगेच्या, रेषेवर पडलेलं खाली नुब्राचं खोरं, म्हणजे बर्फाला वाट कुठून द्यायची हेसुद्धा खडकानेच ठरवलेलं.

पण ‘आटत नाहीत’ म्हणून टाळ्या वाजवू नका. काही हिमनद्या वर्षानुवर्षं गप्प असतात आणि एकदम धावत सुटतात. चोंग कुमदान हिमनदीने वरच्या श्योकला आडवा बांध घातला, मागे तळं साचलं, आणि ऑगस्ट १९२९मध्ये तो बांध फुटला. पूर श्योकमधून सिंधूत उतरला आणि खाली कितीतरी दूरवर पोचला. आणि गेल्या काही वर्षांच्या उपग्रह-मोजणीत काराकोरमचंही बर्फ पातळ होताना दिसू लागलंय. गोधडीलाही मर्यादा असते. यावर चार आलेख आणले होते, ते राहिले.

दुसरी चिठ्ठी. बरं.

दगड. भिंगातून मसुरीच्या डाळीसारखं काही दिसलं का? चपट्या गोल चकत्या? बरोबर, मागच्या ताईंनी ‘नाणी’ म्हटलं, लॅटिनवाल्यांनाही तेच सुचलं होतं. हे न्युम्युलाइट. उथळ, कोमट समुद्रात राहणारा एकपेशीय जीव. झंस्करमधल्या एका खिंडीखाली मला मिळाला. वय ५ कोटी वर्षांच्या आसपास. त्याच्या वरच्या थरांत समुद्राचं काहीच सापडत नाही. म्हणजे तुमच्या हातून हातात जो फिरला तो टेथिसच्या अगदी शेवटच्या रहिवाशांपैकी एक आहे.

कुठवर पोचलाय तो? हात वर करा बघू.

नाही, नाही. भिंग नको. दगड.