आयरिसचा संकर: घरच्या बागेतलं गणित

इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी संगणकाच्या क्षेत्रातले असणार, म्हणजे आयरिस या फुलाच्या मापांची ती सारणी, जिच्यावर संगणकाला वर्गीकरण शिकवतात, तुमच्या हाताखालून गेलेली आहे. १५० फुलं, तीन जाती: सेटोसा, व्हर्सिकलर, व्हर्जिनिका. रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली ती वापरली म्हणून नाव त्यांचं झालं. पण फुलं मोजली होती एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी. त्यांना एकच शोधायचं होतं: व्हर्सिकलर आली कुठून? व्हर्जिनिकाची गुणसूत्रं साधारण ७०, सेटोसाची ३८, आणि व्हर्सिकलरची १०८. बेरीज करून बघा. दोन जातींचा निसर्गात संकर झाला, पुढे गुणसूत्रं दुप्पट झाली आणि तिसरी जात उभी राहिली. मला हा पुरावा फार सुंदर वाटतो, आणि आपल्या परसातल्या कामाची सुरुवातही इथूनच होते. जाती ओलांडून संकर करायचा तर आधी आकडे बघायचे, रंग नंतर.

उंच दाढीवाल्या, म्हणजे खालच्या पाकळ्यांवर केसांचा झुपका असलेल्या, आयरिसची गुणसूत्रं ४८. प्युमिला ही वीतभरही न वाढणारी ठेंगणी जात, तिची ३२. दोघांचा संकर केला की प्रत्येकाकडून निम्मी येतात, म्हणजे २४ आणि १६ मिळून ४० होतात. आता वाटेल की अशी मिसळ वांझ निघणार. निघत नाही, कारण त्या २४ मध्ये १२-१२ चे दोन सारखे संच असतात आणि १६ मध्ये ८-८ चे. प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार मिळतो, बी धरतं, पुढची पिढी चालू राहते. ठेंगण्या आयरिसचा आजचा मोठा वर्ग यातूनच आला. इंडियानातल्या पॉल कुक यांचं हे काम. अडचण एवढीच होती की प्युमिला फुलते तेव्हा उंच आयरिस अजून कळीतही नसतात. मग टेनेसीतले गेडिस डग्लस यांनी आपल्याकडच्या उबदार हवेत लवकर फुललेल्या उंच आयरिसचे पराग टपालाने उत्तरेला पाठवले. पाकिटातून पराग! तुमच्याकडे फ्रिज आहे. पराग नीट वाळवा, सिलिका जेलच्या पुडीबरोबर डबीत बंद करून ठेवा.

सगळीच गणितं अशी जुळत नाहीत. जपानी आयरिस एन्साटाला पिवळा रंग नाही. तो आणायला तिथल्या लोकांनी पाणथळ जागेतली पिवळी स्यूडॅकोरस घेतली. एन्साटाकडून १२ आणि स्यूडॅकोरसकडून १७, एकूण २९. जोड्या जमत नाहीत, म्हणून रोप बहुधा वांझ. शिवाय बऱ्याच रोपांची पानं फिकट, पिवळट निघतात. तरी १९६० च्या दशकात ‘आइची नो कागायाकी’ हा पिवळा वाण आलाच, आणि पुढे हिरोशी शिमिझू यांनी पाकळीच्या मुळाशी डोळ्यासारखी गडद खूण असलेली फुलं काढली. वांझ रोप कंद फोडून वाढवता येतं, म्हणून असा संकर वाया गेला असं मी मानत नाही.

आता प्रत्यक्ष हात. पहाटे, फूल उमलताना, मधमाशी यायच्या आत जा. खाली झुकलेल्या तीन पाकळ्या काढून टाका, म्हणजे माशीला उतरायला जागा राहत नाही. त्यांच्यावर पाकळीसारखाच दिसणारा फाटा असतो, ती खरं तर स्त्रीकेसराची शाखा. तिच्या पोटाशी चिकटून पुंकेसर असतो. परागकोश फुटायच्या आत चिमट्याने खुडा. शाखेच्या टोकाला जिथे दोन तुरे फुटतात, त्यांच्या अगदी खाली एक पातळ ओठ दिसतो. नखाने अलगद खाली ओढा, पराग त्याच्या आतल्या ओलसर बाजूला लावा. बाहेरून लावले तर काही उपयोग नाही. तिन्ही ओठांना लावा आणि देठाला लगेच चिठ्ठी बांधा: आधी आई, मग बाप, मग तारीख. बिनचिठ्ठीच्या बोंडातून देखणं रोप येईलही, पण त्याच्यावरून पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते कळणार नाही.

बोंड पिकायला दोन महिने किंवा थोडे जास्त लागतात. टोक तडकू लागलं की काढा. बी शरद ऋतूत बाहेरच पेरा. हिवाळ्याची थंडी त्याला हवीच असते. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी दाढीवाल्या आयरिसचा हट्ट धरू नये तो याच कारणाने, तिथल्या हिवाळ्यात कंदाची थंडी भागत नाही. काही बिया पहिल्या वसंतात उगवत नाहीत, तेव्हा कुंडी लगेच रिकामी करू नका. त्या पुढच्या वर्षी येऊ शकतात.