एका श्वासात किती?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, तान्हा पोळा सुटल्यावर समाजमंदिरात एका निवृत्त शिक्षिकेने केलेलं भाषण, थोडं संपादित करून. मारबत म्हणजे गावाची रोगराई सोबत घेऊन जाते असं मानलं जातं ती.)

मंडळी, आज सकाळी पोरं आरोळ्या ठोकत शिवेकडे गेली, ते तुम्ही ऐकलंच. 'खासी-खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत!' गेली सात वर्षं मी दारात उभी राहून त्यात माझ्या आजाराचं नाव हळूच घालते. पण 'मायस्थेनिया ग्रॅव्हिस' काही त्या चालीत बसत नाही. म्हणून बहुतेक मारबत ते इथंच टाकून जाते.

सुरुवात डाव्या पापणीपासून झाली. सकाळी डोळा छान उघडा, दुपारच्या सुट्टीनंतर पापणी खाली. मग फळ्यावरची एक ओळ दोन दिसायला लागली. अर्धी भाकर खाल्ली की जबडा थकायचा, हनुवटीला हात लावून घास चावायचा. शाळा सुटायच्या वेळी आवाज नाकातून यायचा आणि पोरं हसायची. कोणी लकवा म्हणालं, कोणी चष्म्याचा नंबर. एका सोयऱ्यांनी बाहेरची बाधा ठरवून अंगारा आणून दिला. मी लावला, खोटं कशाला बोलू?

असे चौदा महिने गेले. तेव्हा मला मरणाची भीती नव्हती. भीती ही होती, की घरच्यांना वाटतंय बाई सोंग करते. कारण डॉक्टरकडे जायचं तर आपण पहिल्या बसनं निघतो आणि सकाळी माझं सगळं ठीक असायचं! हा आजार श्रमानं वाढतो, आरामानं उतरतो. एकदा नागपूरला जाताना बस बंद पडली. पोचायला दुपारचे तीन वाजले, डोळा मिटलेला. डॉक्टरांनी पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरायला लावला आणि पापणी वर आली. पुढे रक्ताची तपासणी, छातीचा सीटी स्कॅन झाला. पण माझं निदान त्या पंक्चर टायरनं केलं, असं मी आजही म्हणते.

आजार काय, ते आपल्या भाषेत सांगते. विहिरीवरची मोटर धड आहे, लाइनही आली आहे, पण स्टार्टरचे पॉइंट जळलेत. मेंदूचा निरोप नसेतून स्नायूपर्यंत येतो, पण तो घेणाऱ्या जागा माझ्याच रक्तातली प्रतिपिंडं खराब करतात. नसेतून सुटलेलं रसायन शरीर लगेच पुसून टाकतं. माझी पायरिडोस्टिग्मीनची गोळी ते पुसणं काही तास लांबवते. रसायन जास्त वेळ टिकतं, मग उरलेल्या पॉइंटवर काम भागतं.

आता नीट ऐका. पराटीवर आपण मोनोक्रोटोफॉससारखी जी औषधं फवारत आलो, तीही शरीरात गेली की हेच पुसणं बंद पाडतात, फक्त बेसुमार. 2017 साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा मी गोळी हातात घेऊन बराच वेळ बसले होते. असल्या औषधाची वाट पहिल्यांदा सापडली 1934 साली, इंग्लंडमध्ये, मेरी वॉकर या डॉक्टरीणबाईंना. त्यांचं औषधही पश्चिम आफ्रिकेतल्या एका विषारी शेंगेच्या बीचं. हे सगळं कळल्यापासून मी घड्याळ लावून गोळी घेते, एकही जास्त नाही. आणि फवारणीच्या दिवसांत वावरात पाय टाकत नाही.

खरी भीती नंतर आली. दुसऱ्या उन्हाळ्यात, नवतपा चालू होता. उष्णतेनं हा आजार बळावतो आणि आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. त्यात खोकला झाला म्हणून एका दवाखान्यात इंजेक्शन घेतलं. काही अँटिबायोटिक या आजारात थेट श्वासाच्या स्नायूंवर उतरतात. ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होते. (आता न चालणाऱ्या औषधांची यादी बटव्यात असते.) घरी आले, तर झोपायची भीती. डोळा लागला आणि श्वास थांबला तर? मी रात्र रात्र बाजेवर बसून काढायची.

ह्यांनी मग डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, रोज रात्री बाईंना एका दमात मोठ्यानं आकडे मोजायला सांगा. वीसच्या खाली आलं तर सकाळची वाट पाहू नका, निघा. जन्मभर पोरांना उजळणी शिकवली, आता मी रात्री नऊ वाजता एक, दोन, तीन म्हणते आणि हे कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाखाली आकडा लिहितात. बत्तीस. चौतीस. एकोणतीस, त्या दिवशी लग्नाला गेलो होतो. सात वर्षांत दोनदा वीसच्या खाली गेला. दोन्ही वेळा शेजारच्या पिकअपमधून, तुरीच्या पोत्यांना टेकून, रात्रीच निघालो. बाकी रात्री मी झोपले. चांगली झोपले.

'बरी होशील, आशा ठेव' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. हा आजार बहुधा आटोक्यात राहतो, काहींना वर्षानुवर्षं त्रासच होत नाही, पण मुळासकट गेला असं सहसा म्हणता येत नाही. मग मी बरं होण्याची वाट कशाला पाहू? गोळीनंतर तास-दोन तास माझे असतात. भाकर तेव्हाच खाते, कुरडयांचा चीक पहाटे हाटते. चांगलं जगणं त्या वेळेत बसवायचं.

आणखी एक हिशेब. हा आजार दहा लाखांत साधारण दीडशे-दोनशे जणांना असतो. 2011 च्या जनगणनेत आपला जिल्हा 27 लाखांच्या वर होता. म्हणजे चारशे-पाचशे माणसं इथंच असतील, मला भेटली चार. बाकीच्यांपैकी कोणी अजून अंगारा लावत असेल. सायंकाळी कोणाची पापणी पडत असेल, तर त्या बाईला, त्या भावाला सांगा, डॉक्टरकडे दुपारून जा म्हणावं, दमून जा.

काल रात्री एकतीस आला होता. आज एवढं बोलल्यावर कमी येईल. लिहिणारे तिकडे शेवटच्या रांगेत बसलेत आणि मघापासून घड्याळ दाखवताहेत.