रोहिण्यातली एमडी आणि व्हिएन्नातली यादी

(दृश्य: चाकूर तालुका, मोकळी रानं, कच्चा रस्ता.)

लातूर जिल्ह्यातलं रोहिणा. एप्रिल 2025 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाचं पथक इथे धडकलं आणि 11 किलोंहून जास्त मेफेड्रोन, म्हणजे नशेचं कृत्रिम रसायन, सापडलं. सोबत ते बनवायचं सगळं साहित्य. किंमत सांगितली गेली 17 कोटी. पोरांच्या तोंडी याचं नाव एमडी.

त्याआधी ऑक्टोबर 2023 मध्ये पैठणच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात मेफेड्रोन आणि केटामाइन (भूल देण्याचं औषध, जे नशेसाठीही वापरतात) मिळालं होतं. फेब्रुवारी 2025 मध्ये तुळजापूर तालुक्यात, तामलवाडीला एमडीच्या पुड्या पकडल्या गेल्या.

मग एमडीवर बंदी नव्हती का? होती की! भारताने 5 फेब्रुवारी 2015 ला ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणलं. 50 ग्रॅमच्या वर सापडलं तर किमान 10 वर्षं आत. त्याच वर्षी मार्चमध्ये व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांवरच्या 1971 च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या यादीत ते घातलं.

(दृश्य: व्हिएन्नातलं सभागृह.)

फक्त उशीर बघा. हा पदार्थ प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनला 1929 मध्ये. ब्रिटनने त्यावर 2010 लाच बंदी घातली. जगाच्या यादीत यायला त्यापुढे पाच वर्षं गेली. कारण आधी जागतिक आरोग्य संघटनेची तज्ज्ञ समिती पुरावे तपासते, मग आयोगाच्या 53 सदस्य देशांपैकी दोन तृतीयांशांनी हात वर करावे लागतात. तेही एकेका पदार्थासाठी. तोवर बनवणारा रेणूचा एखादा तुकडा बदलतो आणि कायद्याच्या लेखी तो पदार्थ नवाकोरा ठरतो. संयुक्त राष्ट्रांकडे असे हजाराहून जास्त पदार्थ नोंदले गेलेत.

काही देशांनी वाट बघणं सोडलं. चीनने मे 2019 मध्ये फेंटानिल या जहाल वेदनाशामकाचं अख्खं कुळच, म्हणजे त्याच्यासारखी सगळी रसायनं एकदम, बंद केलं. ब्रिटनने 2016 मध्ये मनावर परिणाम करणाऱ्या सगळ्याच पदार्थांवर एवढं मोठं जाळं टाकलं, की चहा-कॉफीतलं कॅफिन, दारू आणि तंबाखूला नाव घेऊन वगळावं लागलं! न्यूझीलंडने 2013 मध्ये उलटा डाव टाकला: धोका कमी आहे हे विकणाऱ्यानेच सिद्ध करायचं. पुढच्याच मे महिन्यात तिथे काही पदार्थांना दिलेल्या तात्पुरत्या परवानग्याही रद्द झाल्या.

आमच्या मते कुळावर बंदी घालणं योग्य, पण औषध संशोधनाची वाट उघडी ठेवून. नुसत्या बंदीने भागत नाही, हे रोहिण्याने दाखवलंच. तिथला माल दहा वर्षांपासून यादीत होता.

(दृश्य: प्रयोगशाळा, काचेच्या नळ्या.)

खरी अडचण इथे आहे. पकडलेली पुडी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाते. तिथे ती ताडून बघायला त्या पदार्थाचा शुद्ध नमुना लागतो. एमडीचा असतो. उद्या एखादं नवं रसायन आलं आणि नमुनाच नसला, तर अहवाल अडतो, अहवालाविना खटला अडतो. नव्या अमली पदार्थांची आधीच खबर देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या पूर्वसूचना यंत्रणेला माहिती पुरवतात त्या जगभरातल्या अशाच प्रयोगशाळा. तेव्हा मराठवाड्यातली पुडी ओळखायला महिने लागले, तर व्हिएन्नाला ती कळणार तरी कधी?